पुरात बुडालेली बोट स्वस्तात मिळते तेव्हा



कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठावर पूर ओसरला की भिजलेल्या वस्तूंचा एक बाजारच भरतो. भिजलेलं धान्य, भिजलेली मोटारसायकल, भिजलेला टीव्ही. या वस्तू घेताना आपला माणूस दहा वेळा विचार करतो, घासाघीस करतो, जाणत्याला बरोबर नेतो. बोटीच्या बाबतीत मात्र उलटं होतं. ‘अहो, बोट पाण्यातच असते, तिला पुराचं काय?’ असं विकणारा म्हणतो आणि घेणाराही मान डोलावतो. नव्या बोटीच्या निम्म्याहून कमी किमतीत, रंग मारून चकचकीत केलेली बोट दारात येते. पुढच्या पावसाळ्याच्या आत गावाची सोय झाली म्हणून सगळे खूश.

हा सवालच चुकीचा आहे, आणि आजचा हा लेख त्याच्यासाठी. बोट पाण्यावर असते, पाण्याखाली नसते. बाहेरून ओली राहण्यासाठी ती केलेली असते, आतून भिजण्यासाठी नव्हे. पोंग्यात पाणी गेलेला ऊस चार दिवस बाहेरून हिरवाच दिसतो, पण आतला कोंब कुजलेला असतो. पुरात बुडालेली फायबरची बोट तशीच.

फायबरची बोट म्हणजे नुसतं फायबर नसतं. आत प्लायवूड असतं, तळाच्या पोकळीत फोम भरलेला असतो. मागच्या बाजूला जिथं इंजिन अडकवतात ती जाड फळी बहुतेक बोटींत लाकडाचीच असते, वरून फायबरचा थर दिलेला. फायबरला पाण्याचं भय नाही. पण जिथं स्क्रू मारलाय, जिथं फांदीचा नाहीतर पुलाच्या कठड्याचा मार बसून केसाएवढी चीर पडलीय, तिथून पाणी आत जातं आणि आतच बसतं. वरचा थर वाळतो, आतलं लाकूड वाळत नाही. सहा महिन्यांनी, वर्षानं ते भुसा होतं. भर पुरात पूर्ण वेगानं इंजिन चालवलं की फळीसकट इंजिन नदीत. हे कल्पनेचे खेळ नाहीत, बोटी दुरुस्त करणारा कुठलाही कारागीर तुम्हाला हेच सांगेल.

फोमचं प्रकरण त्याहून वाईट. नवा, चांगला फोम सहसा पाणी पीत नाही. जुना, तडकलेला, कित्येक दिवस पाण्याखाली राहिलेला फोम पितो. आता हिशेब करा. एक घनफूट पाण्याचं वजन २८ किलो. तळाच्या फोमनं समजा पाच घनफूट पाणी धरून ठेवलं, तर १४० किलो झालं. म्हणजे दोन धडधाकट माणसं आणि वर एक लहान पोर, बोटीत कुणी पाय ठेवण्याआधीच बसलेलं आहे. बोटीवर ‘१२ माणसं’ असं लिहिलेलं असतं. तुम्ही बारा मोजून चढवता. नदी साडेचौदा मोजते.

आणि फोम असतो कशासाठी? बोट पाण्यानं भरली, उलटली, तरी ती तरंगत राहावी आणि माणसांना धरायला काही राहावं म्हणून. पाणी प्यालेला फोम ते काम करत नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी बोट घेतली, नेमक्या त्याच दिवशी ती दगा देणार.

८ ऑगस्ट २०१९ चा दिवस या जिल्ह्यात कुणाला सांगावा लागत नाही. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या दिवशी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढताना बोट उलटली, त्यात बायका आणि मुलंही गेली. ती बोट पुरात खराब झालेली होती, असं आमचं अजिबात म्हणणं नाही. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली होती. पण पुढं पाणी आणि मागं पाणी असताना ‘आता बास, उरलेले पुढच्या खेपेला’ असं बोटवाल्यानं म्हणायचं आणि लोकांनी ऐकायचं, हे बोलायला सोपं आहे. गर्दी होणार हे धरूनच चालावं लागतं. तिथं आधीच पोटात पाणी घेतलेली बोट उतरवली तर काय होईल, याचा विचार ठरावावर सही करण्याआधी करा.

पूर्वी गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसं पैलतीरी नेत. धोका होताच. पण काहील दिसायला काहीलच होती, तिच्यात किती माणसं घ्यायची हे बघणाऱ्याला कळत होतं. रंगवलेल्या बोटीनं होते ती फसगत वेगळी.

तर मग पुरातली बोट घ्यायचीच नाही का? आमचं मत विचाराल तर गावाच्या बचावकामासाठी नाहीच. एखाद्या शेतकऱ्याला पैलतीरावरच्या रानात वैरण आणायला, उन्हाळ्यातल्या संथ पाण्यात, वल्ह्यावर चालवायला हवी असेल तर तपासून घ्यावी. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. इथंही तेवढं करा.

पहिली गोष्ट, रंग ताजा असेल तर संशय घ्या. बोट कोरड्या जागी उलटी ठेवायला सांगा आणि रुपयाचं नाणं नाहीतर छोटी हातोडी घेऊन तळ, बाजू आणि मागची फळी ठोकत जा. चांगल्या जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. आतून सुटलेल्या नाहीतर कुजलेल्या जागी भद्द आवाज येतो. एकदा कान बसला की फरक लगेच कळतो. तळाला फोडासारखे फुगे आलेत का बघा. मागच्या फळीतला एखादा स्क्रू काढायला सांगा. भोकातून तपकिरी पाणी आलं किंवा ओला भुसा आला तर तिथंच नमस्कार करून परत या. विकणारा स्क्रू काढू देत नसेल तरी परत या.

दुसरी गोष्ट आपल्या भागात फार सोपी आहे. उसामुळं वजनकाटा जवळपास मिळतोच. बोट ट्रॉलीत घालून काट्यावर न्या, मग रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा करा. बोट बनवणाऱ्या कारखान्याकडून त्या नमुन्याचं मूळ वजन मागवा. काट्यावर दहा-वीस किलोचा फरक आला तर सोडून द्या. शंभर किलोचा आला तर ते पाणी आहे. ठोकून कळत नाही ते इथं कळतं, आणि काट्याची पावती हातात राहते.

लाकडी होडीचं थोडं वेगळं. ती पुरातून निघून एकदम उन्हात पडली की फळ्या वाकतात, सांध्यातला कापूस-डांबर निघतो, लोखंडी खिळे आत गंजतात. पण तिचं दुखणं डोळ्याला दिसतं आणि गावच्या सुताराला कळतं. हवेची रबरी बोट असेल तर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा आणि हवा भरून रात्रभर ठेवा.

आता इंजिन. विहिरीवरची मोटर बुडाली की आपण काय करतो? चालू करत नाही. खोलतो, वाळवतो, गरज पडली तर रिवायंडिंग करतो. बोटीचं इंजिन बुडालं तर त्याच दिवशी ते धुऊन, पाणी काढून, आत तेल सोडावं लागतं. पूर असताना हे कोण करणार? चार-आठ दिवस ते गाळात पडून राहतं, वर काढून उन्हात ठेवलं की हवा लागून आतला गंज जोरात धरतो. कृष्णेचा गाळ किती बारीक असतो हे तुम्हाला सांगायला नको. तो बेअरिंगमध्ये बसला की इंजिन दहा मिनिटं छान चालतं, तासाभरानं धरतं. विकणारा दहाच मिनिटं दाखवतो.

म्हणून इंजिन पाण्याच्या पिंपात खालचा भाग बुडवून निदान तासभर चालवा. ते गार ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते, ती सारखी पडते का बघा. थांबवून, थंड करून, पुन्हा दोरी ओढा. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा. चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. वायरींची टोकं हिरवी-काळी पडली असतील तर सगळी वायरिंग बदलायचा खर्च धरा. मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याचा नको.

कागदपत्रांकडं तर कुणी बघतच नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन त्याजागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला आहे. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला तपासणीचं प्रमाणपत्र आणि नोंदणी लागते. बोटीचा नंबर, इंजिनाचा नंबर, मूळ मालकाचं विक्रीपत्र, विमा होता का, आणि होता तर विमा कंपनीनं ती पूर्ण नुकसानीत काढली होती का, हे लेखी मागा. पूर्ण नुकसानीत काढलेली बोट दोन हात बदलून, नवा रंग लावून तुमच्या दारात आलेली असू शकते.

ग्रामसेवक भाऊसाहेब (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गाव तुम्हाला भाऊसाहेबच म्हणणार), एक प्रश्न खास तुम्हाला. ही बोट दप्तरी कशी नोंदवणार? तीन दरपत्रकं जोडून नवी म्हणून नोंदवली तर ऑडिटला उत्तर द्यावं लागेल. जुनी म्हणून नोंदवली तर तपासणी कुणी केली हा रकाना रिकामा राहील. अपघात झाला तर तो रिकामा रकानाच आधी वाचला जाईल. सरपंच बदलतात, दप्तरावरची सही राहते.

शेजारच्या गावानं बोट घेतली, आपली कुठाय, असा दबाव सरपंचांवर येतो हे आम्ही जाणतो. निवडणूक जवळ असली की जास्तच. पण दोन-तीन नदीकाठच्या गावांनी मिळून एक नवी, कागदपत्रांची बोट घेणं हे तीन गावांनी तीन भिजक्या बोटी घेण्यापेक्षा शहाणपणाचं. त्याआधी तहसीलदार कार्यालयात जाऊन, आपत्ती व्यवस्थापनाकडून आपल्या गावासाठी पावसाळ्यात कोणती बोट आणि कोण चालक ठरलाय, हे लेखी विचारा. आणि गावात २०१९ किंवा २०२१ च्या पुरानंतर आलेली बोट असेल तर ती शेवटची पाण्यात कधी उतरवली होती, तेही ग्रामसभेत विचारा. तिचीही वर सांगितलेली तपासणी लागू आहे.

ही सगळी कामं मे महिन्यातच व्हायला हवीत. नदीला पाणी कमी असताना बोट उतरवा, माणसांऐवजी वाळूची पोती घाला, लिहिलेल्या क्षमतेएवढं वजन करा आणि काठ पाण्यापासून किती वर राहतो ते पट्टीनं मोजून वहीत लिहा. रात्रभर तशीच बांधून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. बोटीबरोबर फुकट म्हणून दिलेली भिजकी जॅकेटं असतील तर तीही एकेक करून पोत्याला बांधून पाण्यात सोडून बघा. किती वर राहतात ते मोजा आणि बुडतील ती तिथंच फाडून टाका. नाहीतर जुलैत कुणीतरी तीच अंगात घालेल.