तीन पानांसाठी अख्खी फाइल परक्याच्या हाती का?



कालव्यात जमीन गेली. निवाड्याची फाइल साठ पानांची, आपला गट त्यातल्या तीन पानांवर. वकील म्हणतो, तेवढीच पाने पाठवा. मग आम्ही काय करतो? दिवस मोडून तालुक्याला जातो. दुकानात साठही पाने छापली जातात, त्यातली तीन पुन्हा स्कॅन होतात. दोन्हीचे पैसे आम्हीच मोजतो.

कुणी म्हणेल, इंटरनेटवर फाइलीचे तुकडे फुकट करून मिळतात. फुकट? त्या फाइलीत आमचा गट, आमच्या सह्या, शेजाऱ्याच्या मोबदल्याचा आकडासुद्धा. ती कुणाच्या यंत्रावर गेली, तिथून पुसली की नाही, हे कोण पाहायला जाणार? अनोळखी माणसाच्या हाती सातबारा न देणारे आम्ही, इथे अख्खा निवाडा देऊन मोकळे होतो!

कापसातून सरकी काढायला जिनिंग लागते. फाइलीतून तीन पाने काढायला कुणाच्या दारात जावे लागत नाही. ती सोय घरातल्या, शाळेतल्या, ग्रामपंचायतीतल्या संगणकात आधीपासून आहे.

क्रोम किंवा एज, ज्यात आपण बाजारभाव पाहतो, त्यातच पीडीएफ फाइल उघडा. कंट्रोल आणि पी ही बटणे एकत्र दाबा. छपाईची चौकट येईल. प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडा. 'पेजेस'मध्ये सगळ्या पानांऐवजी १४-१६ असे टाका. सुटी पाने हवी असतील तर १४, २२, ४१. आकडे इंग्रजीत टाका आणि पान फाइलीतले कितवे, ते मोजा. नवे नाव देऊन सेव्ह करा. मूळ फाइलीला धक्का लागत नाही. इंटरनेट बंद असले तरी काम होते. २०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' हा पर्यायही संगणकासोबतच येतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. डिजिटल सहीचा सातबारा असा वेगळा काढला, तर सही कागदावर दिसते, पण संगणकाला ती तपासता येत नाही. जिथे सहीची फाइल मागतील तिथे मूळच द्या.

दुकानदाराशी आमचे भांडण नाही. घामाचा दाम मागणारे आम्ही, त्याच्या कामाचा दाम कसा नाकारू? पण जे काम दोन मिनिटांत आपल्या हाताने होते, त्यासाठी दिवसाची मजुरी का बुडवायची? अडाणीपण आमचे आणि कमाई दुसऱ्याची, हा हिशेब बाजार समितीत आम्ही पुष्कळ सोसला. संगणकापुढे तरी तो नको.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक शिकलेली पोरगी किंवा पोरगा आणावा. एकाने शिकावे, गावाला शिकवावे. ज्वारीचे कणीस खुडायला आपण विळा भाड्याने आणत नाही!