आधी कुणाकडं जाशील?

दोस्तांनो, या अंकासाठी कविता देणार होतो. ती राहू द्या. एका परीक्षेबद्दल लिहितोय.

परीक्षा म्हटलं की आपल्या पोरांना पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी एवढंच आठवतं. ही ती नव्हे. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचा परवाना मिळवायचा तर ही द्यावी लागते. नाव एनक्लेक्स. कॅनडातही २०१५ पासून हीच चालते. आपल्या वस्त्यांतल्या नर्सिंग केलेल्या पोरी रात्रपाळ्या करून हिचा अभ्यास करतायत. आणि आपण चळवळीतले लोक त्यांच्याकडं पाठ करून बसलोय. वर तोंड करून विचारतोय, "पळून चाललीस का गं?"

या प्रश्नाचा हिशेब चुकता करायचाय.

मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. शाळा दहावीला सुटली, पुढचं पुस्तकांनी आणि पाळ्यांनी शिकवलं. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग करून एका खाजगी दवाखान्यात राबते. वर्षभर झालं, ती आणि तिच्या तीन मैत्रिणी या परीक्षेला भिडल्यात. रविवारी आमच्या खोलीत बसतात. प्रश्न मी वाचून दाखवतो. मला औषधातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच हे काम माझ्याकडं आहे. प्रत्येक उत्तरावर मी एकच विचारतो : का?

त्या 'का'मधून जे दिसलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

आधी यंत्र समजून घ्या. परीक्षा कॉम्प्युटरवर. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ ५ तास. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. मागं फिरून उत्तर बदलता येत नाही. ही बाई रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की यंत्र थांबतं. कुणाचं ८५ वर थांबतं, कुणाचं १५० पर्यंत ओढतं. १ एप्रिल २०२३ पासून नव्या धर्तीचे प्रश्न आलेत. एका रुग्णाची हकीगत आणि तिच्यावर ६ प्रश्न, अशा ३ हकीगती. लक्षण ओळख, त्याचा अर्थ लाव, आधी काय ते ठरव, उपाय शोध, कृती कर, आणि केल्याचं पुढं काय झालं ते बघ. पाठांतराला इथं कुणी विचारत नाही.

आणि पास झालेल्याला गुण सांगत नाहीत. नंबर नाही. यादी नाही. पास म्हणजे पास.

जरा थांबा इथं. जागा मोजून ठेवलेल्या नाहीत. आक्का पास झाली म्हणून आमच्या पोराची जागा गेली, असं बोंबलायला कुणाला तोंड नाही. ज्यांनी जन्मभर 'मेरिट, मेरिट' म्हणून आमच्या कानाशी ढोल बडवला त्यांनी ही परीक्षा एकदा बघावी. रुग्णाचा जीव हिच्या हाती सुरक्षित आहे का, एवढंच ती विचारते. कोण कुणाच्या वर, हा सवालच नाही. उतरंडीवर वाढलेल्या देशाला हे कळायला वेळ लागेल.

पण हुरळूनही जाऊ नका. यंत्र आडनाव विचारत नाही, पैसे मात्र विचारतं. परीक्षेची फी २०० डॉलर. ती अमेरिकेबाहेर, म्हणजे मुंबईच्या केंद्रावर दिली तर वर १५० डॉलर. कागदपत्रं तपासून घ्यायचा खर्च निराळा, इंग्रजीच्या परीक्षेचा निराळा. नुसती परीक्षा धरली तरी तीस हजारांच्या घरात. ज्या घरात आईचं मंगळसूत्र आधीच बीएस्सीच्या फीत गेलंय, तिथं आता काय गहाण टाकायचं? जात दारात आडवी आली नाही तर ती पैशाचं सोंग घेऊन येते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता प्रश्न कसा असतो ते सांगतो. हा मी आक्काकडून समजून घेऊन माझ्या शब्दांत रचलाय. तुमच्याकडं चार रुग्ण. एकाच्या ऑपरेशनला दोन दिवस झाले, दुखतंय म्हणतो. एक बाई घरी सोडायला उशीर झाला म्हणून ओरडतेय. एक मधुमेही, साखर १८०, जेवण कधी विचारतोय. चौथ्याच्या मांडीचं हाड काल मोडलंय, तो आज अचानक बरळायला लागलाय आणि धाप लागलीय. आधी कुणाकडं जाशील?

चौथ्याकडं. हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊन अडकली असेल तर त्याच्याकडं वेळ थोडा आहे. हे आक्काला माहीत आहे. तिच्या मैत्रिणींना माहीत आहे. पण वॉर्डात काय होतं? जो ओरडतो त्याच्याकडं आधी. ज्याचा मेहुणा नगरसेवक त्याच्याकडं आधी. ज्याच्यासाठी मालक-डॉक्टरचा फोन आला त्याच्याकडं आधी. बरळणारा एखाद्या वीटभट्टीवरचा असला तर "प्यालेला असंल" म्हणून सोडून देतात. परीक्षेतल्या चार रुग्णांना मेहुणा नसतो. म्हणून ती अवघड वाटते. सगळी ओळखपाळख काढून टाकल्यावर उरतं ते माणसाचं शरीर आणि त्याला असलेला धोका.

दुसरा प्रश्न याहून बोचतो. या माणसासाठी पहिल्यांदा काय करशील? डॉक्टरला फोन? झोपेचं इंजेक्शन? कागदावर नोंद? की डोक्याकडची बाजू उंच करून ऑक्सिजन लावशील? पहिल्या दिवशी चौघींपैकी तिघी म्हणाल्या, डॉक्टरला फोन. मी विचारलं, का? एक म्हणाली, "भाऊ, न विचारता केलं तर शिव्या बसतात."

बघा, इथं दुखणं सापडलं. डॉक्टरला बोलवायचंच आहे. पण श्वास कोंडलेल्या माणसाला आधी हवा द्यायची असते आणि ती द्यायला नर्सच्या हाताला परवानगीची गरज नसते. हे ज्ञान त्यांना कॉलेजात मिळालं होतं. नोकरीनं ते दाबून टाकलं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, सांगितल्याशिवाय करायचं नाही, साहेब आले की उभं राहायचं. हे आपल्या आज्यांना गावानं शिकवलं होतं, नातींना दवाखाना शिकवतो. लोक म्हणतात आपल्या पोरी इंग्रजीत मार खातात. इंग्रजीची अडचण खरी आहे, पण ती शिकून संपते. पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरवलेलं 'होय साहेब' कुठल्या क्लासमध्ये संपतं, सांगा!

आमच्या रिंग खात्यात धागा कुठं तुटतोय ते चालता चालता दिसतं. कुठला आधी सांधायचा हे हात ठरवतो, सुपरवायझरला विचारत बसलो तर निम्मी फ्रेम तुटून पडेल. तरी पगारपत्रकावर माझं नाव हेल्पर. ठरवणारा मी आणि ठरवण्याचा पगार दुसऱ्याला. आक्काचं दुखणं मला म्हणूनच लवकर कळलं.

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी एक हकीगत नोंदवलीय. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त आलेलं काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र. बायको बाळंत होऊन दोन दिवसांत आजारी पडली, श्वास घेता येईना. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. विनवण्या झाल्यावर आला, पण बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायला लावलं. थर्मामीटर त्यानं एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या हातात, नवऱ्यानं बायकोला लावला, आणि त्याच वाटेनं तो परत गेला. हात न लावता डॉक्टरनं न्यूमोनिया सांगितला. बाई मेली.

आता या परीक्षेचा पहिला नियम ऐका. आधी रुग्णाला तपास. बघ, हात लाव, श्वास मोज, मग पुढचं. त्या डॉक्टरला या परीक्षेला बसवला असता तर तो पहिल्याच पायरीवर पडला असता. ज्या समाजानं नाडी धरायला नकार दिला, त्या समाजातली, आमच्या घरातली पोरगी आज नाडी धरून ठरवते की आधी कुणाला वाचवायचं. याला तुम्ही पळणं म्हणता?

याच परीक्षेत काम वाटून देण्याचेही प्रश्न असतात. मदतनिसाला काय सोपवायचं, स्वतः काय करायचं. तपासणं, शिकवणं, अर्थ लावणं नर्सनं दुसऱ्यावर ढकलायचं नाही. स्थिर रुग्णाची अंघोळ, उठबस हे सोपवता येतं. काम जबाबदारी बघून वाटायचं. आपल्याकडं ते जात बघून वाटलं. भांडं उचलणारा, मोरी धुणारा, प्रेत बांधणारा कोण, हे वॉर्ड उघडायच्या आधीच ठरलेलं. आपल्या आया-मावश्या त्याच कामाला लागल्या. त्यांच्या पोरी आता टेबलाच्या त्या बाजूला उभ्या राहू बघतायत.

मग प्रवचनं सुरू होतात. नर्सिंग म्हणजे सेवा, सेवेचा बाजार मांडू नका. कोण म्हणतं हे? जो पगार देतो तो! २०१६ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं सांगितलं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी दवाखान्यातसुद्धा नर्सला महिना २० हजारांच्या खाली देऊ नका. आक्काच्या हातात पडतात चौदा. बारा तासांची पाळी. सेवा हा शब्द त्या सहा हजारांवर घातलेलं पांघरूण आहे. सावित्रीबाईंचं नाव तरी यात ओढू नका. १८९७ च्या प्लेगात त्या रुग्णांना यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवत होत्या, त्यातच गेल्या. कुणाच्या ऑर्डरची वाट बघत त्या दारात उभ्या नव्हत्या.

आता आपल्यातल्यांचं. "बाबासाहेब परत आले, ही येणार का?" असं एका कार्यकर्त्यानं मला विचारलं. बाबासाहेब १९१३ ला अमेरिकेला गेले, १९१७ ला परतून बडोद्याला नोकरीला गेले, तर त्यांना राहायला छप्पर मिळालं नाही. परत ये म्हणणाऱ्यांनी आधी छप्पर तयार ठेवावं. आपले आजोबा गाव सोडून गिरणीत आले तेव्हा गावातले पाटीलही म्हणत होते, पळाले. जातीनं आपल्याकडून जमीन घेतली, पाणी घेतलं, तसा जायचा हक्कही घेतला होता. तो वापरणाऱ्या बाईला अडवायला निदान आपण तरी उभे राहू नये.

अमेरिका काही सुखावती नव्हे, हेही सांगून ठेवतो. तिथंही कातडीचा रंग बघणारे आहेत, आणि करारात अडकवणारे एजंटही. २०१९ साली न्यूयॉर्कच्या एका फेडरल कोर्टानं फिलिपिनो नर्सेसच्या बाजूनं निकाल दिला. नोकरी सोडली तर २५ हजार डॉलर दंड, असं त्यांच्या करारात लिहिलं होतं. तो दंड कोर्टानं उडवला. त्या बायकांनी लढून मिळवलं. म्हणून सही करायच्या आधी करार वाचा, वकिलाला दाखवा. आपल्यात वकील कमी नाहीत, भाषणाशिवाय दुसऱ्या कामाला जरा लावा त्यांना.

क्लासवाल्यांपासून सावध राहा. हमखास पास म्हणून रक्कम घेतात आणि परीक्षेतून चोरून आणलेले प्रश्न पाठ करायला देतात. ते प्रश्न बाळगणाऱ्याचा निकालच रद्द होऊ शकतो. परीक्षा घेणारी संस्था अभ्यासाचा आराखडा स्वतः फुकट देते, दर तीन वर्षांनी नवा. कामाचं नियोजन, कोण आधी, काय कुणाला सोपवायचं, याचा वाटा त्यात सगळ्यात मोठा. तो आराखडा घ्या आणि चौघींनी बसा. एकीनं उत्तर द्यायचं आणि उरलेली तीन उत्तरं का चुकीची हे मोठ्यानं सांगायचं. आधी मराठीत सांगा, मग इंग्रजीत. जे मराठीत पटवता येत नाही ते इंग्रजीत नुसतं घोकलेलं असतं. समोर माझ्यासारखा एक अडाणी बसवा, जो का म्हणून विचारत राहील. आमच्या त्या तिघी आता फोनच्या आधी ऑक्सिजन म्हणतात, आणि का ते मलाच समजावतात.

कुणी नापास झाली तर ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. लाज कसली? २०२२ साली खुद्द अमेरिकेत शिकलेल्यांतल्या शंभरातल्या वीसेक जणी पहिल्या खेपेला पडल्या. बाबासाहेबांचा लंडनचा प्रबंधसुद्धा परत आला होता. त्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा दिला आणि १९२३ ला डीएस्सी मिळवली.

आता मागणी. वस्तीतलं विहार वंदनेनंतर कुलूप लावून ठेवू नका. रात्री दहापर्यंत एक टेबल, चार खुर्च्या, एक दिवा. रात्रपाळीहून आलेल्या बाईला दोन तास निवांत बसता येईल एवढी शांतता. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी एका पोरीची फी, उसनी. ती कमवायला लागली की तिनं पुढच्या पोरीची भरायची. डीजेचा एक ट्रक कमी आला तर बाबासाहेब रागावणार नाहीत. पण टेबल रिकामं राहिलं तर त्यांना काय तोंड दाखवणार?

चळवळीपुढं चार जण उभे आहेत. एकाला स्टेज पाहिजे, एकाला बॅनरवर फोटो, एकाला पुढच्या निवडणुकीचं तिकीट. चौथी रात्रपाळी करून आलीय आणि तिला बसून अभ्यास करायला जागा पाहिजे.

आधी कुणाकडं जाशील, कार्यकर्त्या?

जय भीम.