तूट भरणारा कोण?

संपादक महाशयांस,

किमान वेतन वाढविण्यापेक्षा गरीब मजुरास सरकारी तिजोरीतून साहाय्य देणे श्रेयस्कर, असे गेल्या अंकात प्रतिपादन करणाऱ्या पत्रलेखकांची कळकळ मला मान्य आहे. परंतु १७९५ च्या मे महिन्यात इंग्लंडातील बर्कशायर परगण्याच्या न्यायाधिकाऱ्यांनी स्पीनहॅमलँड येथील एका खाणावळीत जमून, मजुरीचे दर ठरवून देण्याची सूचना बाजूस सारून, पावाच्या भावाशी निगडित असा मदतीचा जो तक्ता मुक्रर केला, त्याचेच हे पुनरुज्जीवन होय, हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. मोठा पाव एक शिलिंगास झाला की पुरुषास आठवड्याला तीन शिलिंग पडावेत, बायकोस व प्रत्येक मुलास दीड. मजुरी अपुरी पडल्यास तूट गावच्या गरीबपट्टीतून भरावयाची. आता, तूट दुसरा भरतो आहे हे ठाऊक असता आपण होऊन मजुरी वाढविणारा धनी मला तरी उभ्या जन्मात भेटलेला नाही! शिवाय एकही मजूर न ठेवणारा लहान खातेदारही ती पट्टी भरीतच होता. पुढे १८३४ च्या कायद्याने ही पद्धत मोडू पाहिली, ती गरिबाला श्रमगृहाचा दरवाजा दाखवून.

विधवा, अपंग, वृद्ध यांस मदत अवश्य द्यावी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दिवसभर राबणाऱ्याचे काय? १९८३ साली राजस्थानातील दुष्काळी कामांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी दराने काम करवून घेणे ही वेठबिगारच ठरविली, आणि तेथे धनी खुद्द सरकार होते.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून