टाळ्या कल्याणीला, नकार भाचीला

दूरदर्शनवरची ‘उडान’ मालिका तुमच्यापैकी किती जणांना आठवते? १९८९ साली ती सुरू झाली, तेव्हा आमच्या चाळीत टीव्ही दोनच होते. मालिका लागायची वेळ झाली की शेजारच्या मावशींच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. पोरं पुढे जमिनीवर, बायका मागे, आणि आम्ही गिरणीतली माणसं दारात उभी. गच्चीवर एकजण अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, “आलं, आलं, सोड!”

त्या काळच्या सिनेमातला पोलीस म्हणजे लाथा-बुक्क्या नाहीतर पिस्तूल. ‘उडान’मधली कल्याणी सिंग तशी नव्हती. ती साध्या घरातली मुलगी. वडिलांवर झालेल्या अन्यायाची दाद कुठेच लागत नाही, हे ती लहानपणी पाहते. मग ती अभ्यास करते, परीक्षा देते, प्रशिक्षणात घाम गाळते आणि आय.पी.एस. अधिकारी होते. तिच्या वडिलांचं काम आपल्या विक्रम गोखल्यांनी केलं होतं. मुलीवर विश्वास टाकणारा तो बाप पाहून चाळीतल्या बायका पदराने डोळे पुसायच्या.

ही गोष्ट बरीचशी खरी होती. मालिका लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि कल्याणीचं काम करणाऱ्या कविता चौधरी यांनी ती आपल्या थोरल्या बहिणीच्या आयुष्यावरून घेतली होती. ती बहीण म्हणजे कांचन चौधरी भट्टाचार्य, १९७३ च्या तुकडीच्या आय.पी.एस. त्याच पुढे २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशात त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला. २०१९ साली त्या गेल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कविताताईही गेल्या.

ती बातमी वाचली आणि आम्हाला आमचीच एक गोष्ट टोचली. ती आज सांगून टाकतो.

तेव्हा आमची भाची शिक्षणासाठी आमच्याकडे होती. दहावी झालेली, अंगाने काटक, धावण्यात शाळेत पहिली. एके रात्री मालिका संपल्यावर तिने विचारलं, “मामा, पोलिसात जायला काय करावं लागतं?” आम्ही हसलो. म्हणालो, “अगं, ते टीव्हीतलं असतं. आपल्या घरच्या पोरींचं ते काम नाही.” ती गप्प बसली. दोन वर्षांनी तिचं लग्न लावून आम्ही मोकळे झालो. पडद्यावरच्या कल्याणीला टाळ्या वाजवणारे हात आमचेच आणि घरातल्या कल्याणीला मागे ओढणारेही आमचेच!

तिने कधी बोल लावला नाही. पण परवा ती आली ती धाकट्या मुलीला घेऊन. म्हणाली, “मामा, हिला पोलीस भरतीत उतरायचंय. हिचे पप्पा नको म्हणतात. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. आता तुम्ही बोला.” आम्ही चपला घातल्या आणि तसेच तिच्या घरी गेलो. जावईबापूंपुढे आधी आमची जुनी चूक कबूल केली, मग बोललो. आता ती पोरगी पहाटे मैदानावर धावते.

ज्यांच्या घरात अशी मुलगी आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. महाराष्ट्रात शिपाई भरतीसाठी बारावी पास असावं लागतं. मुलींसाठी उंची १५५ सें.मी. मैदानी परीक्षा ५० गुणांची: ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे, आणि गोळाफेक. लेखी परीक्षा १०० गुणांची. वयाची अट आणि सवलत त्या-त्या जाहिरातीत नीट वाचून घ्यावी. जातीचा दाखला आणि इतर कागद आधीच काढून ठेवावेत, ऐन वेळी धावपळ नको. हे काम मुलींचं नाही असं अजूनही कुणी म्हणत असेल, तर त्याला सांगा की जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला महाराष्ट्राच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या.

जुन्या मालिकेची आठवण गोड असते, ती जरूर काढावी. पण घरातली मुलगी काही विचारील तेव्हा आमच्यासारखं हसू नये. टीव्ही बंद करून तिच्याजवळ बसावं आणि तिचं पुरतं ऐकून घ्यावं.