खोडरबर थोडा बाजूला ठेवूया



दिवाळीच्या सुट्टीआधी माझा एक माजी विद्यार्थी शाळेत भेटायला आला. पोलादपूरकडच्या वाडीवरचा. सध्या एका प्लायवूड कारखान्यात गुणवत्ता तपासणीची इंटर्नशिप करतोय. मी विचारलं, "काय शिकलास रे?" म्हणाला, "बाई, चुकलेलं माप खोडायचं नाही, हे शिकलो."

काम तसं साधं. फळीची जाडी मोजायची, ओलावा बघायचा, नमुना उकळायचा. मरीन प्लायवूडचा (आयएस ७१०) नमुना तर ७२ तास उकळतात. मग चाकूने थर उचकटून बघतात. सहज सुटले तर नापास. जे दिसेल तेच नोंदवहीत. लिहिताना चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही.

मी गप्पच झाले. चौथीत मीच त्याचे खाडाखोडीचे गुण कापले होते! प्रयोगाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, की 'जुळवून लिहा' असं आपणच सांगतो ना?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल कोसळला, दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. तपासणीचं मोल आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

म्हणून एवढंच करूया. मुलांच्या हाती पट्टी देऊ, बाक मोजायला लावू. दोघांची मापं वेगळी आली तर न रागावता पुन्हा मोजायला सांगू. पहिलं माप मात्र वहीत तसंच राहू दे. त्याला हे कारखान्यात जाऊन शिकावं लागलं. आपल्या मुलांना चौथीतच येऊ दे.