पल्ला : जाहिरातीचा आणि विश्वासाचा

गुढीपाडवा किंवा दसरा जवळ आला की वृत्तपत्रांची पहिली पाने वाहनांच्या जाहिरातींनी भरून जातात. मुहूर्त साधून नवे वाहन दारी आणावे आणि त्याची पूजा करावी, ही मराठी मध्यमवर्गाची हौस कंपन्यांना चांगली ठाऊक आहे. अलीकडे या पानांवर विजेवर चालणारी वाहने झळकतात. चकचकीत, निर्मनुष्य रस्ता, त्यावरून वाऱ्याच्या वेगाने जाणारे तरुण जोडपे आणि कोपऱ्यात एक हिरवे पान! हा रस्ता आहे तरी कुठला? डोंबिवलीच्या फडके रोडवर तो नाही, कल्याणच्या पत्री पुलावर नाही आणि ठाण्याच्या घोडबंदर मार्गावर तर नाहीच नाही.

वस्तुतः विजेच्या प्रवासाचे महत्त्व या पट्ट्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली. पुढे ठाकुर्लीजवळच्या चोळे वीजकेंद्रातील विजेवर रेल्वे चालू लागली. चाकरमान्यांच्या तीन-चार पिढ्या विजेच्याच वाहनाने कामावर गेल्या. त्याचबरोबर, २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमनाचा काळोखही याच कल्याण-डोंबिवलीने सोसला आहे. त्यामुळे येथला गृहस्थ 'वीज गेली तर काय?' असे विचारतो, तेव्हा तो मागासलेला नसतो. तो अनुभवी असतो.

या अनुभवी माणसाला विजेचे वाहन विकू पाहणारे दोन प्रकारचे लोक आहेत. पहिले श्रीमंतीचे स्वप्न विकतात. जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकी कंपनीचे दालन उघडले. सुमारे साठ लाखांच्या मोटारीचे कोण कौतुक झाले! दुसरे उपदेशक. लोकलच्या दारात लोंबकळत जाणाऱ्या माणसाला ते वसुंधरेच्या विनाशाचा अपराधी ठरवतात आणि स्वतः मात्र वातानुकूलित सभागृहात परिषदा भरवतात. काटकसर हा ज्यांच्या घरचा संस्कार आहे, त्यांना पर्यावरणाचे धडे आयात करावे लागत नाहीत.

मग या माणसाला हवे तरी काय? त्याला हवा आहे हिशेब. तो असा मांडता येतो. लिटरला ४५ किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरला पेट्रोलच्या शंभरीपार दराने किलोमीटरमागे सव्वादोन रुपयांच्या आसपास खर्च येतो. विजेची स्कूटर एका युनिटमध्ये साधारण पंचवीस-तीस किलोमीटर जाते. घरगुती वीज युनिटला बारा रुपये धरली, तरी किलोमीटरला पन्नास पैशांहून कमीच पडतात. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या विक्रेत्याची वर्षाला वीस हजारांवर बचत होईल. परंतु घर ते स्थानक आणि परत, दिवसाला जेमतेम दहा किलोमीटर जाणाऱ्याची बचत पाच हजारांच्या घरातच राहील. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे किमतीतील फरक भरून निघायला आता अधिक वर्षे लागतील. हे सरळ सांगणारी एक तरी जाहिरात आपण पाहिली आहे काय? शिळफाट्याच्या कोंडीत थांबलेल्या विजेच्या वाहनाची मोटर वीज खात नाही, हा खरा गुणही कोणी सांगत नाही! सांगितला जातो तो चाचणीतला पल्ला, जो प्रत्यक्ष रस्त्यावर क्वचितच हाती लागतो.

अर्थात, दोष केवळ अतिशयोक्तीचा नाही. २०२२ मध्ये पुण्यासह अनेक ठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या. वसईत चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या स्फोटाने एका बालकाचा बळी घेतला. त्यानंतर शासनाने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले, हे योग्यच झाले. पण २०२३ मध्ये जे उघड झाले, ते अधिक लाजिरवाणे होते. देशी सुटे भाग वापरण्याची अट मोडून अनुदान घेतल्याबद्दल सात कंपन्यांकडून ४६९ कोटी रुपये परत मागण्याची वेळ केंद्र शासनावर आली. स्वदेशीच्या नावाने करदात्याचा पैसा घ्यायचा आणि भाग मात्र परदेशातून आणायचे, याला व्यापार म्हणायचे की वंचना?

हा प्रश्न भावनेचा नाही, राष्ट्रीय सुरक्षेचा आहे. आपण खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो. ही बेडी तोडण्यासाठीच विजेची वाहने हवीत. परंतु एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांच्या चुंबकांवर निर्यातनिर्बंध लादताच आपल्या वाहन उद्योगाची झोप उडाली. आखाताची बेडी काढून चीनची घालणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. ग्राहकाने म्हणूनच विक्रेत्याला विचारले पाहिजे की बॅटरीचे सेल कुठले, मोटर कुठली, हमी किती वर्षांची, आणि दुरुस्ती करणारा ठाण्यात किंवा कल्याणात बसतो की नाही.

आणि आपण? नौपाड्यातील वा डोंबिवलीतील जुन्या गृहनिर्माण सोसायटीत एखाद्याने चार्जिंगसाठी जोडणी मागितली, की कार्यकारिणी कपाळाला आठ्या घालते. घरच्या विद्यमान वीजजोडणीवरून वाहन चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे. सुरक्षिततेची काळजी अवश्य घ्यावी. जिन्याखालची जुनी वायर तज्ज्ञाकडून तपासून बदलावी. मात्र भीतीला नियमाचे रूप देऊ नये.

शंभर वर्षांपूर्वी घरोघरी एकेक पैसा मागून पैसा फंड उभा राहिला आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्या कार्यकर्त्यांकडे ना नटनट्या होत्या, ना रंगीत पाने. त्यांच्याकडे विश्वास होता. याच डोंबिवलीने नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा महाराष्ट्राला दिली. येत्या पाडव्याच्या यात्रेत विजेचे वाहन वापरणाऱ्या कुटुंबांनी आपले वर्षभराचे वीजबिल, खरा पल्ला आणि आलेल्या अडचणी एका फलकावर लिहून लोकांसमोर ठेवाव्यात. त्या एका फलकापुढे कोट्यवधींच्या जाहिराती फिक्या पडतील. मध्यमवर्ग एकदा फसला की पुढची दहा वर्षे त्या वाटेला फिरकत नाही. त्याचा विश्वास हीच या उद्योगाची खरी बॅटरी आहे. ती एकदा उतरली, तर कोणत्याही अनुदानाने पुन्हा भरता येणार नाही.