तीस हजार फुटांवरील जोडउडी

पुण्याच्या शीतल महाजन ह्यांचें नांव आतां पुष्कळ घरांत ठाऊक झालें आहे. १८ एप्रिल २००४ रोजीं त्यांनीं उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून हवाई छत्रीनें उडी घेतली. थंडी उणे ३७ अंश होती, आणि तीच त्यांच्या आयुष्यांतली पहिली उडी. २००६ च्या डिसेंबरांत दक्षिण ध्रुव झाला, २०११ सालीं पद्मश्री मिळाली, २०१८ सालीं थायलंडांत त्यांनीं नऊवारी नेसून उडी घेतली. पुढें १३ नोव्हेंबर २०२३ रोजीं एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवर हेलिकॉप्टरांतून उडी टाकून त्या काला पत्थर ह्या १७,४४४ फूट उंचीच्या जागीं उतरल्या. वजाबाकी करून पाहिली तर हें अंतर चार हजार फुटांच्या आसपास भरतें, म्हणजे ध्रुवावरील उडीच्या दुपटीहूनही कमी. मग तिची एवढी मातब्बरी कां? तर पडण्याच्या अंतरापेक्षां जेथून पडावयाचें तेथल्या हवेंत खरी परीक्षा असते.

हें लिहिण्यास कारण असें कीं, ज्यांनीं कधीं छत्री हातांत धरली नाहीं अशीं तरुण मुलेंही आतां अत्युच्च उडीची भाषा बोलूं लागलीं आहेत. ह्या प्रकारास टँडेम म्हणतात. आपण जोडउडी म्हणूं. नवखा माणूस पुढें, शिक्षक त्याच्या पाठीशीं, आणि दोघांचे पट्टे खांद्यांशीं व कमरेशीं चार ठिकाणीं जखडलेले. दोन देहांचें वजन एकत्र पडूं लागलें म्हणजे वेग फार वाढतो, म्हणून प्रथम एक लहान छत्री मागें सोडून तो आवरतात. मोठी छत्री पांच हजार फुटांच्या सुमारास उघडतात. आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील अस्तंभ्याचें शिखर ४,३०० फुटांहून थोडें अधिक आहे. तेव्हां त्या शिखराच्या किंचित् वर छत्री उघडली, असें प्रकाशेकरांनीं समजावें. उडीचा आरंभ मात्र तसे सात अस्तंभे एकावर एक रचले असतां जी उंची होईल तेथून! तेथून छत्री उघडेपर्यंत दोन मिनिटांहून थोडा अधिक काळ लागतो.

आतां त्या हवेविषयीं. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब निम्मा होतो आणि तीस हजारांवर तीन-दशांशच उरतो. थंडी उणे ४४ अंशांच्या आसपास. तेथें नळीवाटे प्राणवायु मिळाला नाहीं तर माणूस एक-दोन मिनिटेंच कामाचा राहतो. भय असें कीं, शुद्ध जाण्यापूर्वीं बुद्धि जाते, आणि ती गेल्याचें ज्याचें त्याला कळत नाहीं. उलट उगाच आनंद वाटतो. बंगळूर येथें वायुदलाची वैमानिक वैद्यकाची संस्था आहे. तेथल्यासारख्या बंद खोलींत दाब उतरवून शिकाऊ वैमानिकांना हें अनुभवावयास लावतात, आणि त्या वेळीं साधीं गणितें घालतात. चाळीस वर्षें वजाबाक्या तपासलेल्या माणसाला ह्यांत मौज वाटते: पोर हंसत हंसत शंभरांतून सात वजा करतें, उत्तर भलतेंच लिहितें, आणि तें बरोबर आहे अशी त्याची खात्री असते.

म्हणून उडीपूर्वीं अर्धा तास किंवा अधिक काळ केवळ शुद्ध प्राणवायु ओढावा लागतो. रक्तांत मुरलेला नत्रवायु बाहेर न काढतां वर गेलें, तर सोड्याची बाटली उघडतांच बुडबुडे यावेत तसे ते अंगांत उठतात व सांधे धरतात. ह्या अर्ध्या तासांत कोणी मध्येंच मुखवटा काढून साधा श्वास घेतला, तर लष्करी शिस्तींत मोजणी पुन्हां पहिल्यापासून होते. आपल्याकडे कोणी म्हणेल कीं, ज्याला प्राणायाम साधला त्याला ह्या नळ्यांची गरज काय? प्राणायामानें मन स्थिर होईल. पण हवेंत जो प्राणवायु नाहीं तो कुंभकानें उत्पन्न होत नाहीं.

मुखवटा चेहऱ्यास घट्ट बसला पाहिजे, म्हणून दाढी उतरावी लागते. नथ, कुडीं, मंगळसूत्र काढून ठेवावें लागतें. त्याबद्दल घरांत रुसवे नसावेत. आदल्या दिवशीं हरभरा, वाल, पावटे ह्यांची उसळ नको, कारण पोटांतला वायु तेवढ्या उंचीवर तिपटीहून अधिक फुगतो. किडलेली दाढ आधीं दाखवावी. पडसें असेल तर उडी पुढें ढकलावी, नाहींतर कानाचा पडदा दुखावतो. घरीं एवढा सराव करावा: पाय लांब करून बसावें आणि हातांनीं गुडघे धरून दोन्ही पाय उचलावेत, उतरतांना शिक्षकाचे पाय आधीं टेकावे लागतात.

एव्हरेस्टच्या परिसरांत २००८ पासून अशा उड्या होत आहेत. तेथें जावयाचें तर नामचे, स्यांगबोचे असे मुक्काम करीत पायांनीं चढून शरीरास विरळ हवेची संवय करावी लागते. विरळ हवेंत छत्रीही जोरानें खालीं येते.

आमच्या पुतण्याची कन्या पुण्यास नोकरीस असते. तिनें पैसे साठवून ह्या उडीचा बेत केला, तेव्हां घरांत वादळ उठलें तें भीतीचें. पण मला त्याहून दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटली. अर्जांत प्रकृतीचे प्रश्न होते. मुलीला नऊ वर्षांची होईपर्यंत दमा होता. सूनबाई म्हणाल्या, "आबा, तें कशाला लिहायचें? पुढें स्थळें पाहावयाचीं आहेत. कागद कोणाच्या हातीं पडेल कोण जाणे." हें केवळ आमच्या घरचें नाहीं. मुलीचें दुखणें चार भिंतींत ठेवावें ही आपल्या वर्गाची जुनी रीत आहे. चोरून औषध देतात, डॉक्टरांचा कागद फाडून टाकतात, आणि मुलगीही मग स्वतःची प्रकृति विसरून जाते. जमिनीवर ही लपवाछपवी खपून जात असेल. पण पाठीशीं बांधलेला शिक्षक आपल्या श्वासावर विसंबून उडी मारतो. त्याला खोटें सांगणें म्हणजे दोघांच्या जिवाशीं खेळ आहे, असें मीं स्पष्ट सांगितलें.

आमच्या जिल्ह्यांत आणखी एक तपासणी विसरूं नये. विळ्यासारख्या वांकणाऱ्या रक्तपेशींचा दोष, ज्याला सिकलसेल म्हणतात, तो इकडे, विशेषतः आदिवासी बांधवांत, पुष्कळ आढळतो. ज्याच्या अंगीं तो अर्धाच उतरला आहे त्याला एरवीं कांहीं जाणवत नाहीं. परंतु प्राणवायु कमी पडतांच पेशी वांकतात आणि प्लीहेस इजा होऊं शकते. रक्ताची साधी परीक्षा केली म्हणजे कळतें. दुसऱ्या जातींतला म्हणून कोणी निर्धास्त राहूं नये.

घरच्यांनीं "जाऊं नको" एवढेंच म्हणण्यापेक्षां नीट प्रश्न विचारावेत. ह्या शिक्षकानें एवढ्या उंचीवरून जोडीनें पूर्वीं किती उड्या घेतल्या? दोघांचा प्राणवायु निराळा आहे का, आणि तो संपल्यास दुसरी सोय काय? राखीव छत्री शेवटची कधीं घडी घातली? वेग आवरला नाहीं तर ती आपोआप उघडणारें यंत्र आहे ना? विम्याच्या कागदांत अशा साहसांचा अपवाद बहुधा असतो, तोही वाचावा.

शाकुंतलाच्या सातव्या अंकांत दुष्यंत मातलीच्या रथांतून उतरतो तेव्हां पृथ्वीच वर येत आहे असा त्याला भास होतो. उडी घेणारे सांगतात कीं, फार उंचीवर तसें कांहींच वाटत नाहीं. भूमि चित्रासारखी स्थिर दिसते, आणि धांवत येते ती अगदीं शेवटीं. कालिदासाचा राजा बहुधा अस्तंभ्याच्या उंचीपर्यंत आला होता.

मुलीनें दमा लिहिला. डॉक्टरांनीं फुप्फुसांची परीक्षा घेऊन तूर्त दहा हजार फुटांच्या साध्या जोडउडीस संमति दिली आहे. अत्युच्च उडीचा विचार पुढील वर्षीं, पुन्हां तपासणी झाल्यावर. तिनें उज्जैनीस जावयाचें ठरविलें आहे, आणि सूनबाई सोबत जाणार आहेत.